मागून येणारं चित्र

काम लई मोठं नव्हतं. शनवारी संध्याकाळी गोकुळनं दुकानातून डेमोची गाडी काढायची, छावणीतून एका पेपरवाल्याला घ्यायचं, शेठला घ्यायचं, आन् दोघायला दौलताबादच्या घाटात एक चक्कर मारून आनायचं. बस्स. "नवाला घरी येतो," म्हनून त्यानं रूपाला, म्हंजे बायकोला, फोन केला व्हता. तिनं वांगं भाजून ठेवलं व्हतं.

तो मोबाईल खाली ठेव, सुयश. ठेव म्हनतो ना! नवी गाडी घेतली तर घेतली, तिला कॅमेरा लावायचा तर लाव. पन त्या कॅमेऱ्याची तारीफ मला वाचून दाखवू नको. "रात्रीचा दिवस करणारा डोळा." थू! हे वाक्य कुन्या हातानं लिहिलं, ते मला ठावं हाय. तू आता वाचलं ना, त्यातला एक बी शब्द नवा नाय. एकानं ओकलं आन् बाकीच्यांनी चाटलं.

बसा आता. मोटारीची लाईट बाराच्या आधी येत नाय, गव्हाला पानी द्यायला तवर जागायचंच हाय. मंग ऐका. गोकुळ माझ्या चुलतभावाचा पोरगा. तुमी लहान व्हते तव्हा तो गाव सोडून शहरात डायवर म्हनून गेला. ही त्याचीच गोष्ट हाय, आन् ह्यात एक अक्षर बी मी पदरचं घालत नाय.

साल दोन हजार चोवीस. नोव्हेंबरची तीस तारीख, शनवार, कार्तिकातली आवस.

गोकुळ ज्याच्याकडं व्हता तो ऋतुराज शेठ. वय असंल तिशीचं. जालना रोडला गाडीच्या सामानाचं दुकान, सीट कव्हर, हॉर्न, लाईटा, असलं सगळं. त्यानं एका भारी कॅमेऱ्याची एजन्सी घेतली. गाडीच्या आतून पुढच्या काचेला चिकटवायचा, मुठीएवढा. एकाच्या किमतीत चांगली दुभती म्हैस यील. आता एवढ्या किमतीचा माल आपसूक खपतो व्हय? त्याला पेपरात नाव पायजे. म्हनून हा अतुल. एका पेपरात दर सोमवारी गाड्यांचं पान निघायचं, ते हा लिहायचा. पातळ माणूस, पांढरे बूट, बोलायला लई गोड.

आता खरी गंमत ऐका. लेख आधीच लिहून झाला व्हता! गाडीत बसल्या बसल्या अतुलनं शेठला वाचून दाखवला. "काळोखालाही फसवता येणार नाही असा साक्षीदार." शेठ म्हनला, "वा, सर, वा." कॅमेरा अजून चालू बी केला नव्हता. फक्त फोटो पायजे व्हता, घाटातला, आवसेच्या अंधारातला.

पन त्याच्या आधी ढाबा. ढाब्यावर मटन, मंग परत मटन, मंग अतुलसरांना बडीशेप. गोकुळ बाहेर गाडीत. नवाचे दहा झाले, दहाचे अकरा. रूपाचा दोनदा फोन यून गेला. "जेवून घे," म्हनला, "ह्यांचं पोट काय आज भरत नाय."

सव्वाअकराला निघाले. कॅमेऱ्याचं चित्र मोबाईलवर यायचं. शेठनं मोबाईल स्टेअरिंगच्या बाजूला क्लिपमधी अडकवून दिला. शरनापूरच्या फाट्यावर गोकुळच्या एक गोष्ट ध्यानात आली. त्याचा डोळा डायवरचा. तो म्हनला,

"शेठ, चित्र मागून यायलंय."

"काय?"

"खांब बाजूनं निघून जातो, मंग मोबाईलवर येतो. एक-दोन सेकंद मागं हाय."

शेठ मागच्या सीटवर हसला. "बघा अतुलसर, आमचे इंजिनीअर साहेब. सातवी नापास."

अतुल पन हसला. गोकुळ गप बसला. पोरांनो, ह्यो गप बसला ना, हे ध्यानात ठेवा. कोनाला काय वाटंल म्हनून गप बसायची ही जी आपली खोड हाय, ती लई वंगाळ.

दौलताबाद मागं पडलं. रस्त्यावरची जुनी कमान ओलांडली. पुढं घाट. तिथं कडंला पेरूवाल्या बाया बसत्यात, तुमी पाहिल्यात. दुसऱ्या दिवशी रविवार, किल्ल्याला गर्दी, म्हनून कोनी कोनी रात्री पाट्यापाशीच झोपतं, पहाटे जागा हातची जाऊ नये म्हनून.

"गोकुळ, लाईट बंद कर," शेठ म्हनला.

"आं?"

"हेडलाईट बंद कर. मोबाईलवर बघून चालव. अतुलसर तुझ्या बाजूनं व्हिडिओ काढतील."

"शेठ, घाट हाय ह्यो. आवस हाय."

"म्हणून तर आजची रात्र घेतली. अरे दोनशे मीटर. सगळं दिसतंय की, बघ ना! हे बघ झाड, हे बघ दगड. तुझ्या डोळ्यांपेक्षा चांगलं दिसतंय."

आन् दिसत व्हतं. खोटं काहून बोलू? सडक राखेसारखी करडी, कडंचं गवत, दगडावरचा चुना, सगळं साफ. सडक खाली, रिकामी. कुत्रं नाय, मांजर नाय.

गोकुळनं लाईट बंद केली. अतुल त्याच्या खांद्यापाशी यून व्हिडिओ काढायला लागला. "अद्भुत," म्हनला, "अद्भुत आहे हे."

मोबाईलवर सडक खालीच.

धप्प.

कसला आवाज? पोतं पडल्यावानी. गाडी उडाली बी नाय. गोकुळचा पाय ब्रेकवर दाबला गेला, डोळे मात्र मोबाईलवरच राहिले.

आन् मंग... मोबाईलवर ती आली.

गाडी उभी व्हती. बाहेर सगळं झालं व्हतं. आन् मोबाईलवर आता ती डाव्या कडंनं उठली. म्हातारी. कमरंवर पाटी. सडक ओलांडायला निघाली, मधीच थांबली, गाडीकडं वळून पाहिलं. सरळ पाहिलं. मंग चित्रात नुसता पदर.



गोकुळनं लाईट लावली. खाली उतरले तिघं. सडकंवर पेरू गडगडत खाली चालले व्हते, अजून थांबले नव्हते. म्हातारी कडंच्या गवतात, कुशीवर, एक हात डांबरावर आलेला. शेठनं टॉर्च मारली. लगीच बंद केली.

"गेली," म्हनला. "जागेवर गेली."

"शेठ... बोटं हाललीत."

"वारा आहे."

वारा! अरे, वाऱ्यानं मान्साची बोटं हालत्यात व्हय रे?

"शेठ, एकडाव बघू तर द्या. पानी तर..."

"गोकुळ." शेठनं त्याच्या छातीवर हात ठेवला. "गाडी कोण चालवत होतं? लाईट कोणी बंद केली? मी मागं बसलो होतो. तुरुंगात कोण जाईल? ती गेलेली आहे. आपण थांबून ती परत येणार आहे का?"

अतुल चाकापाशी वाकला आन् सगळं मटन बाहेर काढलं. रुमालानं तोंड पुसलं. रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली. आन् गाडीत जाऊन बसला. तोंडातून एक शब्द नाय! लेखात शंभर शब्द, तिथं एक नाय.

गोकुळनं एक पाऊल टाकलं म्हातारीकडं. अर्धंच म्हना. मंग तो बी माघारी फिरला. माझ्या रक्ताचा हाय म्हनून मी त्याला सोडीत नाय. त्यानं गाडी सुरू केली, वळवली, आन् चाकाखाली पेरू फुटत गेले. फट. फट. तो वास त्याच्या डोक्यातून अजून जात नाय.

येळ अकरा चाळीस.

कॅमेऱ्यातलं कार्ड शेठनं पडेगावपाशी काढलं, दातानं वाकवलं, दोन तुकडे केले आन् नाल्यात टाकले.

सोमवारी पेपर आला. मी पाहिला तो पेपर, गोकुळनं जपून ठेवलाय. गाड्यांच्या पानावर अर्धं पान लेख. "रात्रीचा दिवस करणारा डोळा." पाचात पाच चांदण्या. अतुलनं मोबाईलनं काढलेल्या व्हिडिओतला फोटो, करडी सडक, खाली. आन् तोच कागद उलटा केला की पाठीमागं, अगदी त्या फोटोच्या पाठीवर, चार ओळी. घाटात अनोळखी वाहनाच्या धडकेत पेरू विकनारी वृद्धा ठार. चतुराबाई. वय सत्तर.

मंग बाकीच्यांनी तोच लेख उचलला. मोबाईलवाल्यांनी, यूट्यूबवाल्यांनी. डोळा, साक्षीदार, काळोख. शेठनं सगळे छापून काढले, काचंच्या फ्रेमी केल्या, दुकानात वळीनं लावल्या. गिऱ्हाइकाला चहा पाजायचा आन् फ्रेमी दाखवायचा. त्या फ्रेमीवरची धूळ रोज सकाळी कोन पुसायचं? गोकुळ. फडकं घेऊन. लाज नावाची चीज त्या दुकानात इकायला बी नव्हती.

गोकुळला भाकर गोड लागंना. जो तो म्हनतो जागेवर गेली. शेठ म्हनतो जागेवर. पन ती बोटं... दहाव्या दिवशी तो घाटात गेला. पेरूच्या पाट्यापाशी आता दुसरी बाई व्हती. केसरबाई, म्हातारीची सून. कपाळ मोकळं, बोलायला मायाळू. गोकुळनं भाव इचारला. बोलता बोलता म्हनला,

"हितं म्हनं कोनी..."

"माझी सासू, दादा." तिनं पेरू पुसत पुसत सांगितलं. "मीच पहाटे पाहिली. लोक म्हनत्यात जागेवर गेली. तेवढंच बरं झालं म्हनायचं."

"व्हय."

"नाय तर काय? ते बघा माझं घर, त्या चिंचंखाली. हाकेवर हाय. मी झोपले व्हते. जित्ती असती तर कण्हली असती, मला ऐकू आलं असतं. आलं असतं का नाय, दादा?"

गोकुळ तिच्याकडं बघू शकंना.

"आलं असतं," म्हनला. "जागेवरच गेली असंल, ताई."

तिनं दोन पेरू जास्तीचे टाकले पिशवीत.

बघा. एका बाईची झोप त्या एका गोष्टीवर टिकली व्हती, आन् ती गोष्ट खरी का खोटी, हे गोकुळला बी ठावं नव्हतं. दुसरं कायबी त्याला नको व्हतं, एवढंच पायजे व्हतं. ती जागेवर गेली का नाय?

आता त्या कॅमेऱ्याचा एक गुण असा, की गाडी उभी असली तरी त्याची नजर चालू. पुढं कायबी हाललं की तो आपोआप तीन मिनिटं रेकॉर्ड करतो. डेमोची गाडी रात्री दुकानाच्या तळघरात उभी, पुढं शटर. नवं कार्ड घातलेलं. सकाळी कार्ड साफ करायचं काम गोकुळचं.

डिसेंबरच्या चार तारखेला सकाळी त्यानं पाहिलं तर एक तुकडा. रात्री अकरा चाळीसचा. तीन मिनिटं. शटर, बल्ब, भिंत. हाललेलं कायबी नाय. उंदीर असंल म्हनला, पुसून टाकलं.

पाच तारखेला परत. अकरा चाळीस.

सहाला परत.

सात-आठ दिवसांनी त्याच्या ध्यानात आलं, की शटर जरा येगळं दिसायलंय. आधी कॅमेरा काचंच्या वरच्या अंगानं पाहायचा, शटरचं मधलं कुलूप समोर दिसायचं. आता कुलूप वर गेलं व्हतं. त्याला वाटलं चिकटपट्टी सुटली असंल. पाहिलं. पट्टी घट्ट. कॅमेरा जागच्या जागी.

पंधरा तारखेला चित्र बॉनेटच्या उंचीवरून.

वीसला... गुडघ्याच्या उंचीवरून.

चोवीसला शटरची खालची पट्टी समोरासमोर. फरशीवरची मुंगी दिसायली. म्हशीच्या रेडकाएवढी मोठी, जाडजूड.

कॅमेरा काचंलाच व्हता, पोरांनो. हललाच नव्हता. चित्र तेवढं खाली खाली यायलं. रोज उली उली. मानूस हळूहळू भुईला टेकतो तसं.

शेठला दाखवलं. शेठनं पाहिलं आन् म्हनला, "शटरच दिसतंय की. नेहमीसारखं. डोकं तपासून घे."

नाताळच्या दुसऱ्या दिवशी अतुल दुकानात आला. दाढी वाढलेली. शेठनं लेखाबद्दल त्याला एक कॅमेरा भेट दिला व्हता, तो हातात, डब्यासकट. शेठ नव्हता. अतुलनं डबा काउंटरवर ठेवला.

"हा परत घ्या."

"काहून सर? खराब झाला?"

अतुलनं फ्रेमींकडं पाहिलं, मंग खाली फरशीकडं पाहिलं. हळूच म्हनला, "गोकुळ... तुझ्याकडं पण... खाली येतंय का?"

गोकुळनं फडकं पिळलं.

"मी तोंड उघडू शकत नाही," अतुल म्हनला. "नोकरी आहे. लेख छापून झालाय, लोकांनी वाचलाय. पण मला एकच सांग. तू पुढं गेला होतास. ती... जागेवरच होती ना?"

"तुमी लिहिनारे लोक, सर," गोकुळ म्हनला, "तुमीच लिवा काय ते."

अतुल गेला. डबा तिथंच.

आन् शेठ? शेठला कसली आली झोपंची खराबी! त्यानं एक जानेवारीला मोठ्या हाटेलात कार्यक्रम ठेवला. पेपरवाले, मोठा पडदा, जेवन. पडद्यावर घाट दाखवायचा. पन घाटाचं रेकॉर्डिंग तर नाल्यात. म्हनून तीस डिसेंबरला, सोमवती आवस व्हती त्या दिवशी, तो गोकुळला म्हनला,

"आज रात्री जाऊन ये. तोच घाट, तोच टाइम. लाईट बंद करून दोनशे मीटर. मी फोनवर असतो."

"शेठ, मी नाय जानार."

"मग ठाण्यात जा. तिथं तुझीच वाट बघतायत."

गेला. एकटा. रूपाला काय सांगितलं नाय, नुसतं म्हनला जेवून घे.

थंडी लई. दौलताबाद झोपलेलं. कमान ओलांडली तव्हा साडेअकरा वाजून गेले व्हते. शेठचा आवाज फोनच्या स्पीकरवर, दुसऱ्या मोबाईलवर कॅमेऱ्याचं चित्र.

"पोचलास?"

"व्हय."

"लाईट बंद कर."

केली. आन् गोकुळनं गाडी बी थांबवली. पेरूच्या पाट्या झाकलेल्या दिसत व्हत्या, आभाळाच्या उजेडात. तिथून पुढं चाक न्यायची त्याची हिंमत झाली नाय.

"चालव की," शेठ म्हनला.

गोकुळ मोबाईलकडं बघत व्हता.

चित्र खाली यायलं.

काचंवरून बॉनेटवर. बॉनेटवरून खाली. त्यानं हात लावून पाहिला, कॅमेरा घट्ट. चित्र उतरतच चाललं. बंपर. मंग डांबर. डांबराची खडी हरभऱ्याएवढी. समोर गवताची एक काडी.

तिथं थांबलं.

"गोकुळ? चालवतोयस ना?"

चित्रात पुढं सडक व्हती. सडकंवर एक गाडी उभी. लाल दिवे.

दारं उघडली. पाय उतरले.

काळे बूट. पांढरे बूट. आन् एक चप्पल.

टॉर्च. सगळं पांढरं... मंग अंधार.

चपलेनं पाऊल टाकलं. अर्धं. अंगठ्याला तार बांधलेली. पायातली चप्पल खाली वाकून बघायची गोकुळला गरज नव्हती.

चप्पल उभी राहिली.

उभी राहिली...

वळली.

लाल दिवे बारीक झाले. गेले. मंग नुसती सडक. गवताची काडी. आन् काडी हालायली. थोडी पुढं... थोडी मागं. थोडी पुढं... थोडी मागं.

वारा नव्हता.

तव्हा त्याला आवाज आला. श्वासाचा. घरघर, ओला. आधी वाटलं मोबाईलमधून. त्यानं मोबाईल उलटा केला, आवाज बंद केला.

आवाज चालूच.

मागच्या सीटवरून? नाय.

खालून.

त्याच्या पायाखालून. पत्र्याच्या खालून.

"गोकुळ," शेठ म्हनला. आवाज बदललेला. "तुझ्यासोबत कोण आहे?"

गोकुळनं पाय वर उचलून घेतले.

"गोकुळ, कोण श्वास घेतंय?"

गोकुळ म्हनला, "तुमाला बी ऐकू येतंय ना, शेठ?"

तिकडं फोन कट झाला.

गोकुळनं दार उघडलं. उतरला. गुडघ्यावर बसला, टॉर्च लावली, गाडीखाली पाहिलं. डांबर. दुसरं काय नाय. पन आवाज... तिथंच. त्यानं हात घातला आत. हवा गरम लागली, पोरांनो. डिसेंबरात. मान्साच्या तोंडापुढं लागती तशी.

त्यानं मला नंतर सांगितलं, "काका, पळायची लई इच्छा झाली. गाडीत बसून सुसाट सुटावं वाटलं. पन चाक कसं हालवू? ती खाली व्हती ना."

मंग त्यानं ते केलं जे महिन्याआधी करायचं व्हतं. तिथंच बसला. हात तसाच खाली ठेवून. म्हनला, "मावशी, मी हाय हितं." किती येळ, त्याला ठावं नाय. मंग काचंचा कॅमेरा उपसला, गाडीच्या चाव्या तशाच सोडल्या, लाईटा लावून ठेवल्या, आन् घाट उतरून पायी ठाण्यात गेला. पावनेएकला पोचला. ठाण्यातल्या फौजदाराला म्हनला, "साहेब, ती बाई मी मारली. लाईट बंद करून मारली. संगं दोघं व्हते, त्यांची नावं लिवा."

ठाण्यातून रूपाला कळलं, आन् तिचा फोन मला आला. मी फटफटी काढली, दोन वाजता ठाण्यात पोचलो. गोकुळ बाकड्यावर बसलेला, पायात एकच चप्पल. कॅमेरा सव्वाएकलाच जप्त झाला व्हता. त्याला ना वायर, ना बॅटरी. कार्ड त्याच्या आत. दोन पंचांच्या सह्या घेतलेला लखोटा, त्यावर लाख, टेबलावर फौजदाराच्या डोळ्यापुढं. मी माझ्या डोळ्यानं पाहिला. पहाटंपर्यंत मी त्या लखोट्यापुढंच बसून व्हतो, चहा पीत.

सकाळी दहाला लखोटा पंचांपुढं फोडला. मी दारात उभा व्हतो, कोनी हाकललं नाय. कार्ड कॉम्प्युटरला लावलं. तो कॅमेरा तीन-तीन मिनिटांचे तुकडे करतो, कंपनीच्या कागदावर तसं लिहिलेलं. एकच फाईल निघाली. तीस डिसेंबर, रात्री अकरा चाळीसला सुरू.

फौजदारानं ती लावली. सडक, भुईवरून. गवताची काडी, पुढं-मागं. दूर चिंचंखाली एक घर, बारीक दिवा. घरघर आवाज. एक ट्रक गेला. थोड्या येळानं जीप गेली. मोटारसायकल, तिच्यावर दोघं, हसत. थांबलं कोनी नाय. फौजदारानं फाईल पुढं ढकलली. तेच. अजून पुढं ढकलली. तेच. मधी एकदा "केसर" असं ऐकू आलं. लई हळू. एकदाच.

शेवटाला काडी हालायची थांबली.

फौजदारानं चतुराबाईची जुनी फाईल मागवली, त्यातला डॉक्टरचा कागद काढला. तो कागद केसरबाईला कोनी वाचून दाखवला नव्हता. मरनाची येळ, पहाटे तीन ते साडेतीन. त्यानं तो कागद कॉम्प्युटरच्या बाजूला धरला. मंग गोकुळला इचारलं, "ही फाईल तू कशी केलीस?"

गोकुळ रडत व्हता. त्याला त्याचं उत्तर मिळालं व्हतं.

पुढचं कोर्टात चालू हाय. गोकुळ जामिनावर हाय, शिक्षा घ्यायला तयार हाय. शेठचा वकील म्हनतो शेठ त्या रात्री घरी व्हते. अतुलनं जबाब दिला नाय, पन लिहायचं सोडलंय म्हनत्यात. केसरबाई अजून तिथंच पेरू इकती. तिला त्या फाईलीतलं कोनी सांगितलं नाय. तुमी बी तिथं पेरू घ्यायला थांबले तर सांगू नका. हात जोडतो.

पन ती फाईल जिथं संपती ना, तिथं कोपऱ्यात कॅमेऱ्याचा टाइम दिसतो. एकतीस डिसेंबर, पहाटे तीन वाजून पंचवीस मिनिटं.

तव्हा तो कॅमेरा माझ्यापुढं टेबलावर व्हता. लखोट्यात. लाखंला तडा बी नव्हता.